इन्स्टॉल होता होता एरर १६०३ येते आणि सगळं मागे फिरतं. फॉरमॅट मारावा का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलुंडच्या तुमच्या सोसायटीचे तुम्ही नवे खजिनदार. घरच्या विंडोज १० वर हिशेबाचं सॉफ्टवेअर टाकताय, पण पट्टी जवळजवळ भरते, तिथून उलटी फिरते आणि १६०३ दाखवून बंद होते. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायची आहे आणि लॅमिंग्टन रोडवरचा एक दुकानदार म्हणतो, फॉरमॅट मारून देतो.

एवढ्यात मारू नका. फॉरमॅट दुरुस्तीवाल्याच्या सोयीचा असतो, कारण शोधत बसावं लागत नाही.

१६०३ या आकड्यात निदान नसतं. काहीतरी गंभीर अडलं, एवढंच विंडोज इन्स्टॉलर त्यातून सांगतो. खरं कारण लॉगमध्ये, म्हणजे इन्स्टॉलच्या पायरी-पायरीच्या नोंदीत, असतं आणि तो आपण मागितल्याशिवाय बहुतेकदा लिहिला जात नाही. तुमची फाइल एमएसआय (विंडोज इन्स्टॉलरच्या) प्रकारची आहे, तेव्हा कमांड प्रॉम्प्ट 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडा. आधी एमएसआयएक्झेक, मग स्लॅश आय आणि फाइलचा पूर्ण पाथ (ती कुठे आहे तो पत्ता), मग स्लॅश एल स्टार व्ही आणि लॉग जिथे हवा तिथला पाथ, हे सगळं इंग्रजीत एका ओळीत. पाथ अवतरणचिन्हांत घाला. इन्स्टॉल पुन्हा फसलं की लॉग नोटपॅडमध्ये उघडा आणि 'रिटर्न व्हॅल्यू ३' इंग्रजीत शोधा. जिथे पहिल्यांदा सापडेल, त्याच्या वरच्या दहा-पंधरा ओळी वाचायच्या. बाकीच्या हजारो ओळींकडे पाहूसुद्धा नका.

तिथे काय निघेल याचा माझा अंदाज सांगतो. तुम्ही टाकलेल्या फोटोत युजर्सच्या पुढे फोल्डरचं नाव देवनागरीत आहे, 'आईबाबा'. नाव छान आहे आणि विंडोजला ते चालतं. पण इन्स्टॉलर आपल्या तात्पुरत्या फाइली याच फोल्डरच्या आतल्या टेम्पमध्ये उघडतो. जुन्या घडणीचे प्रोग्रॅम युनिकोड (सगळ्या लिपींसाठीची एकच अक्षरपद्धत) वापरत नाहीत, ते विंडोजच्या कोडपेजवर, म्हणजे ठरावीक लिपींच्या अक्षरतक्त्यावर, चालतात; आणि असं त्यांना वापरता येईल असं कोडपेज विंडोजमध्ये देवनागरीसाठी नाही. मग प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह येतं आणि प्रश्नचिन्ह असलेलं फोल्डरचं नाव तर विंडोज मानतच नाही. लॉगमधल्या पाथमध्ये प्रश्नचिन्हांची रांग दिसली, तर चोर सापडला म्हणून समजा.

अकाउंटचं नाव बदलून उपयोग नाही, फोल्डरचं नाव तेच राहतं. त्यापेक्षा सी ड्राइव्हवर टेम्प नावाचा साधा फोल्डर करा (नाव इंग्रजीत). स्टार्टमध्ये 'एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल्स' शोधा आणि वरच्या यादीतल्या टेम्प आणि टीएमपी या दोन्हींना त्या नव्या फोल्डरचा पाथ द्या. कमांड प्रॉम्प्ट बंद करून नव्याने उघडा आणि इन्स्टॉल करा. तरीही अडलं तर इंग्रजी नावाचं नवं ॲडमिनिस्ट्रेटर अकाउंट बनवून त्यातून टाका.

प्रश्नचिन्हं नसतील तर ज्या फोल्डरपाशी अडलंय त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी बघा. 'सिस्टम'ला (विंडोजच्या स्वतःच्या अकाउंटला) फुल कंट्रोल नसणं हे १६०३ चं नेहमीचं कारण. फोल्डर एन्क्रिप्ट केलेला असला तरी हीच एरर येते. मध्येच १६१८ दिसली तर घाबरू नका, मागे दुसरं काहीतरी इन्स्टॉल होत असतं. ते संपू द्या किंवा मशीन रीस्टार्ट करा.

फॉरमॅटची वेळ मी कधी मानेन? एकामागून एक सगळीच सॉफ्टवेअरं फसायला लागली आणि 'एसएफसी स्कॅननाऊ' ही तपासणीची कमांड चालवूनही विंडोजच्या फाइली दुरुस्त होत नसतील तेव्हा. तसं झालंच तर विंडोज १० पुन्हा टाकून घेऊ नका, त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीनवर ११ चालेल का, ते दुकानदाराला आधी विचारा. आणि मशीन त्याच्या हातात देण्यापूर्वी आधीच्या खजिनदारांनी दिलेला डेटा पेनड्राइव्हवर घ्या.