सात वह्या आणि एक सस्पेन्स खातं

"मॅडम, मराठीत ऑटिझमला स्वमग्नता म्हणतात. म्हणजे मी आधीच स्वतःत बुडालेली. त्यात तुम्ही सांगता, स्वतःवर माया करा. मग सासूबाई मला आपमतलबी म्हणतात, ते खरंच म्हणायचं की!"

माधवीताईंचा हा प्रश्न. (नाव बदललं आहे, ओळख पटेल असे तपशील फिरवले आहेत आणि लिहायला त्यांची परवानगी आहे.) मोठेपणी ऑटिझमचं निदान झालेली माणसं हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. कुणी म्हणतं, "स्वतःला सूट दिली की मी बसकण मारीन." कुणी म्हणतं, "मी स्वतःला धारेवर धरतो म्हणून तर नोकरी टिकली." स्वमग्नता हा शब्द मला स्वतःला कधीच आवडला नाही. माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारी ही माणसं दिवसभर दुसऱ्यांचाच विचार करत असतात: समोरच्याला काय वाटलं असेल, आपलं काय चुकलं असेल.

माधवीताई एक्केचाळीस वर्षांच्या. एका करसल्लागाराच्या ऑफिसात हिशेब बघतात. बहिणीच्या मुलाची तपासणी चालू होती आणि त्याच्याबद्दलची प्रश्नावली भरायला त्या बहिणीला मदत करत होत्या. भरता भरता त्यांच्या लक्षात आलं की निम्मी उत्तरं आपलीच आहेत. त्याआधी अकरा वर्षं अधूनमधून चिंतेच्या गोळ्या झाल्या होत्या. गोळ्या चुकीच्या होत्या असं नाही, चिंता खरीच होती. पण ती येते कुठून, हे कुणी विचारलं नव्हतं. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ऑटिझमचं वर्णन केलं ते लहान मुलांचं, आणि हा लहान मुलांचाच विषय, अशी समजूत पुढे घट्ट बसली. पहिल्या बाकावर गप्प बसून गणितात पैकीच्या पैकी मिळवणाऱ्या मुलीवर कुणाला शंका येणार?

तिसऱ्या भेटीला त्यांनी पिशवीतून एक वही काढली. दुकानदार दिवाळीला घेतात तसली, लाल कापडी बांधणीची. आठवीपासून अशा वह्या लिहितात, ही सातवी. पानावर पट्टीने आखलेले रकाने: तारीख, प्रसंग, मी काय बोलले, काय बोलायला हवं होतं. मी मध्येच एक पान उघडलं. जाऊबाईंच्या नव्या घराची वास्तुशांत. माधवीताई मिठाईचा पुडा आणि साडी घेऊन गेल्या. जाऊबाई म्हणाल्या, "अगं, कशाला उगाच आणलंस हे सगळं?" माधवीताईंनी पिशवी परत नेली. चौथ्या रकान्यात लिहिलं होतं, "'असू दे हो' म्हणून ठेवून यायचं होतं." त्याखाली बारीक अक्षरात, "मूर्ख."

मला हसू आलं, मी ते आवरलं. त्यांनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "हसा, मॅडम. सगळं घर हसलं. मला अजून कळलेलं नाही की नको म्हटल्यावर ठेवायचं का."

यानंतर मी दोन चुका केल्या. टेक्सास विद्यापीठातल्या क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये स्वतःबद्दलच्या करुणेची मोजपट्टी मांडली. त्यांचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक आहे. त्यांच्या मांडणीत तीन गोष्टी येतात: स्वतःशी मायेनं वागणं, आपल्यासारखे आणखीही आहेत याची जाणीव आणि जे होतंय ते न फुगवता, न दडवता पाहणं. मला हे सगळं पाठ. म्हणून मी नेहमीच्याच वाटेनं गेले. डोळे मिटा, हात छातीवर ठेवा, स्वतःला म्हणा, मी आहे तशी चांगली आहे. अर्ध्या मिनिटात त्यांनी डोळे उघडले. "ओढणी टोचतेय. आणि हे वाक्य खरं आहे याला पुरावा काय?" मग मी समुपदेशकांचा ठेवणीतला प्रश्न काढला, "हेच तुमच्या मैत्रिणीच्या बाबतीत झालं असतं तर तिला काय म्हणाला असता?" त्या शांतपणे म्हणाल्या, "मला मैत्रीण नाही."

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

पुढच्या वेळी मी भाच्याबद्दल विचारलं. तो नऊ वर्षांचा. एका लग्नात बँड सुरू झाला, त्याने कान दाबले आणि तो ओरडायला लागला. माधवीताईंनी त्याला उचललं आणि पार्किंगमध्ये नेलं. त्याचे कानांवर लावायचे मोठे हेडफोन त्यांच्या पर्समध्ये होतेच. "आवाज खूप मोठा आहे. तुझं काही चुकलं नाही. संपला की जाऊ," एवढंच म्हणाल्या आणि गाडीला टेकून उभ्या राहिल्या. हे सांगताना त्यांचा आवाज वेगळाच होता.

मी विचारलं, "बँडचा तुम्हाला त्रास झाला नाही?"

"झाला ना. मला ओकारी येत होती."

"मग तुम्हाला कोण बाहेर घेऊन गेलं?"

त्यांनी उत्तर दिलं नाही. मी पुढे विचारलं, "भाच्याला ही सवलत तुम्ही कितव्या वाढदिवसापर्यंत देणार? दहाव्या? अठराव्या? त्यानंतर बँड वाजला की त्याला मूर्ख म्हणायचं?"

त्या बराच वेळ टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "अशी तारीख नसते."

इथून कामाला वाट मिळाली. गोड वाक्यं बाजूला ठेवली आणि वही त्यांच्याच भाषेत तपासायची ठरवली. मी म्हटलं, "या सात वह्यांत सगळं नावेच पडलंय. जमेचा रकानाच आखलेला नाही. असा हिशेब तुमच्या टेबलावर आला तर?" "सही करणार नाही," त्या लगेच म्हणाल्या. मग ऑडिटर म्हणून त्या घरी बसल्या, महिनाभर. वास्तुशांतीच्या नोंदीसमोर नव्या रकान्यात आलं, "नको असं स्पष्ट ऐकलं आणि त्याचा मान राखला. बोलणाऱ्याने मनातलं उलटं बोललं." डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या ब्रिटिश अभ्यासकाने २०१२ मध्ये हेच मांडलं होतं: ऑटिस्टिक आणि इतर माणसांमधला गैरसमज दोन्हीकडून होतो, त्याचं खापर मात्र एकाच बाजूवर फुटतं. हे मी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे द्विनोंदी पद्धत. मग मी इतकी वर्षं एकेरी का लिहीत होते?"

सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याच तपासणीतून निघालं. बोल लावला नाही तर आपण बिघडू, ही त्यांची भीती. सात वह्या चाळून त्यांनी मला निष्कर्ष वाचून दाखवला: "अठ्ठावीस वर्षांत त्याच प्रकारच्या चुका तेवढ्याच होतायत. स्वतःला बोलून एकही कमी झाली नाही. कमी झालं ते लोकांकडे जाणं." मी हे माझ्या शब्दांत सांगितलं असतं तर त्यांनी पुरावा मागितला असता.

सगळं सुरळीत झालं असं समजू नका. स्वतःशी जरा बरं वागायला लागल्यावर त्या आधी कोसळल्याच. थंडीत बधिर झालेले हात कोमट पाण्यात घातले की पहिल्यांदा झिणझिण्याच येतात. शाळेतलं, सासरचं, सगळं एकदम वर आलं. रोज चेहऱ्यावर हसू चिकटवायचं, डोळ्यांत बघायचं, पाठ केलेल्या गप्पा मारायच्या, हे सोंग वर्षानुवर्षं वठवण्याचा चिंता, नैराश्य आणि आत्महत्येच्या विचारांशी संबंध अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसला आहे. म्हणून मी आडवळण न घेता विचारलं, मरावंसं वाटतं का? "मरावंसं नाही. रात्री दुकान बंद होतं तसं बंद व्हावंसं वाटतं." आम्ही मनोविकारतज्ज्ञांना कळवलं, नवऱ्याला बोलावलं आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फ्रिजवर लावला. तो दिवसरात्र चालतो आणि मोफत आहे. असे विचार येत असतील तर माझा लेख वाचत बसू नका, आधी तो फिरवा.

आणखी एक अडचण होती. "आता काय वाटतंय?" असं विचारलं की त्या गोठायच्या. बऱ्याच ऑटिस्टिक माणसांना आपल्या भावनेला नाव लावता येत नाही. शरीर सांगत असतं, शब्द सापडत नाही. त्याचीही त्यांना लाज वाटायची. यावरचा उपाय माझा नाही, त्यांचाच. "हिशेबात पैसे कुठून आले ते कळेना की आम्ही सस्पेन्स खात्याला टाकतो. उलगडा झाला की वळते करतो." आता वहीत तसं एक पान आहे. "मंगळवार, पोटात गोळा, सस्पेन्स." चार दिवसांनी बाजूला, "वळते: राग. साहेबांनी न विचारता टेबल हलवलं."

ऑफिसात त्यांनी दोनच मागण्या केल्या. टेबल पुन्हा भिंतीकडे आणि वीस तारखेच्या आधी, जीएसटीची विवरणपत्रं भरायच्या गर्दीत, कामं तोंडी न सांगता लिहून द्यायची. टेबल मिळालं. लिहून देणं साहेब तीनदा विसरले, चौथ्यांदा त्यांनी स्वतःच कागद पुढे केला. सासूबाईंचं मत मात्र बदललेलं नाही. त्यावर आम्ही वेळ घालवला नाही.

गेल्या महिन्यातली नोंद त्यांनी मला वाचून दाखवली. दिवाळीचा फराळ घेऊन जाऊबाईंकडे गेल्या होत्या. "कशाला उगाच आणलंस?" आलंच. माधवीताई दारातच थांबल्या आणि विचारलं, "ही म्हणायची पद्धत आहे की खरंच नकोय?" जाऊबाई आधी गप्प झाल्या, मग खो खो हसल्या. "पद्धत आहे गं बाई, आत ये. चकल्या आहेत ना त्यात?"

चौथा रकाना कोरा होता. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, "घशाशी काहीतरी आलं. सस्पेन्स."