ऊन लागलं? मग केसपेपरवर तसं लिहून घ्या

मार्च लागला की तेच ते प्रश्न पुन्हा येतात. यंदाचे काही:

प्रश्न : खिशात कांदा ठेवला की ऊन बाधत नाही म्हणतात. खरं आहे का? (अकोला)

नाही. कांदा भाकरीबरोबर खा.

प्रश्न : ऊन लागून ताप चढला, तर पॅरासिटामॉल द्यावी का? (जळगाव)

देऊ नका. हा ताप जंतूंचा नसतो, त्यामुळे गोळीने उतरत नाही. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर गार पाणी ओता, वारा घाला. माणूस असंबद्ध बोलतोय किंवा शुद्धीवर नाही, तर तोंडात पाणी घालू नका. १०८ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत पाणी ओतत राहा. ‘संध्याकाळपर्यंत बघू’ असं घरातलं कोणी म्हणालं तर ऐकू नका.

प्रश्न : मेडिकलवाला ओआरएस म्हणून फळांच्या चवीचा खोका देतो. चालेल? (लातूर)

पुडीच मागा. त्यावर डब्ल्यूएचओचा फॉर्म्युला असल्याचं वाचा आणि अख्खी पुडी तिच्यावर लिहिलंय तेवढ्या (मोठी असेल तर १ लिटर) पाण्यात घाला. अर्धी पुडी ग्लासात, असं नको. खोक्यातलं बहुतेक गोड सरबतच असतं. अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला एफएसएसएआयने (केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने) ऑक्टोबर २०२५मध्ये मनाई केली, तरी जुनी सवय सुटत नाही. किडनी, हृदय किंवा रक्तदाबाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : वडील शेतात चक्कर येऊन पडले. सलाईन लावून घरी पाठवलं. कागदावर फक्त ‘ताप, अशक्तपणा’ आहे. काही बिघडतं का? (चंद्रपूर)

बिघडतं, आणि पुष्कळ बिघडतं. दरवर्षी १ मार्च ते ३१ जुलै उष्माघाताच्या रुग्णांची रोज नोंद ठेवली जाते. ती नोंद केसपेपरवरूनच होते. तिथे ‘ताप’ लिहिलं, की तुमचे वडील त्या आकड्यात नाहीत. मग ‘आमच्याकडे केसेस नाहीत’ म्हणायला सगळे मोकळे. उन्हाने दगावलेले कितीतरी जण हृदयविकार, किडनी निकामी या नावांखाली जातात. शवविच्छेदनातही उष्माघाताची अशी खास खूण सापडत नाही. माणूस कुठे, कशा अवस्थेत पडला होता, यावरच निदान ठरतं. अहमदाबादेत मे २०१०मध्ये उष्णतेची लाट आली, तेव्हा एकूण मृत्यूंची आधीच्या वर्षांशी तुलना केल्यावर १,३४४ मृत्यू जास्तीचे निघाले. २०१३मध्ये तिथे उष्णता कृती आराखडा झाला. आकडा दिसला, म्हणून हालचाल झाली.

तेव्हा गेल्या गेल्या सांगा: किती वाजता पडले, किती वेळ उन्हात होते, घाम येत होता का, बरळत होते का. दाखल करतानाच ताप मोजायला लावा; अंग गार झाल्यावर मोजून काय कळणार? आणि वडिलांना पुन्हा दवाखान्यात न्या. लघवी कमी किंवा गडद होतेय का ते सांगा, क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ततपासणी) तपासायचं का ते विचारा. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर त्याही दाखवा.

प्रश्न : उन्हाने गालावर काळे डाग आलेत. दुकानातून आणलेल्या क्रीमने फरक पडला. चालू ठेवू का? (पुणे)

ट्यूबच्या मागे मोमेटासोन, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल लिहिलंय का बघा. ते स्टिरॉइड आहे. ट्यूब घेऊनच त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, याच आठवड्यात.