भाकीत खरं ठरलं, म्हणून संदेष्टा खरा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : मोठी बहीण यूट्यूबवरच्या एका 'प्रॉफेट'च्या, म्हणजे देवाचा निरोप सांगतो म्हणणाऱ्या संदेष्ट्याच्या, सभा ऐकते, दर महिन्याला त्याला पैसे पाठवते, त्याने सांगितलेल्या काही गोष्टी खऱ्याही ठरल्या आहेत, तर तो खरा की खोटा हे ओळखायचं कसं?

त्यातलं 'काही गोष्टी खऱ्याही ठरल्या' हे आधी बाजूला ठेवा. माणसं अडकतात ती तिथेच.

मी कुठून बोलतोय तेही सांगतो. मी नगर जिल्ह्यातल्या जुन्या मिशनच्या चर्चमध्ये वाढलो आणि पुण्यात आल्यापासून अन्य भाषा (प्रार्थनेच्या भरात न शिकलेल्या भाषेत बोलणं), हात वर करून आराधना, आजाऱ्यांवर हात ठेवून प्रार्थना असं सगळं चालणाऱ्या मंडळीत जातो. आजही जातो. त्यामुळे 'हे सगळं ढोंगच' असं उत्तर माझ्याकडून मिळणार नाही. आपल्या दौंडजवळच्या केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, १९०५ च्या जूनमध्ये मुली तासन्‌तास रडत, पापं कबूल करत, एकाच वेळी मोठमोठ्याने प्रार्थना करत होत्या. अशा आराधनेची सुरुवात म्हणून अमेरिकेतल्या ज्या अझुसा स्ट्रीटचं नाव सगळे घेतात, तिथल्या सभा सुरू झाल्या एप्रिल १९०६ मध्ये. म्हणजे ही गोष्ट आपल्याकडे अझुसाहून आलेली नाही. पण केडगावात त्या जागृतीनंतरही शाळा, शेती, छापखाना चालूच राहिला आणि रमाबाई हिब्रू-ग्रीक घेऊन बायबलचं मराठी भाषांतर करत राहिल्या.

आता 'खरं ठरलं' याबद्दल. पीटर पोपॉफ नावाचा अमेरिकन प्रचारक १९८० च्या दशकात भरगच्च सभा घ्यायचा. हजारोंच्या गर्दीतून थेट एखाद्या बाईसमोर जाऊन तिचं नाव, राहायचा पत्ता, आजार सगळं सांगायचा. लोक म्हणायचे, ज्ञानाचं वचन मिळालंय, म्हणजे देवानेच त्याला हे कळवलंय. जेम्स रँडी या जादूगाराला त्याच्या कानात एक बारीक यंत्र दिसलं. १९८६ मध्ये रँडीच्या माणसांनी सभेत रेडिओ स्कॅनर लावला आणि ३९.१७ मेगाहर्ट्‌झवर पोपॉफच्या बायकोचा आवाज सापडला. सभेआधी लोकांनी भरलेली प्रार्थनेची कार्डं बाहेर बसून ती वाचत होती. 'पीटी, ऐकू येतंय ना? येत नसेल तर तुझी पंचाईत आहे,' अशा अर्थाचं तिचं वाक्य टेपवर आहे. त्याच मोहिमेत रँडीचा एक सहकारी, पुरुष बरं का, बाईचे कपडे घालून व्हीलचेअरमध्ये बसला आणि गर्भाशयाचा कर्करोग आहे म्हणाला. पोपॉफने त्याला 'बरं' केलं.

हे सगळं राष्ट्रीय टीव्हीवर दाखवलं गेलं, पुढच्या वर्षी पोपॉफचं दिवाळं निघालं. आणि तरीही काही वर्षांनी तो परत टीव्हीवर आला, 'चमत्काराचं पाणी' पाठवू लागला. उघडं पडल्यावरही गिऱ्हाईक असतंच.

आज कानात यंत्र लागत नाही. सभेला जाण्याआधी भरलेला गुगल फॉर्म, प्रार्थना-विनंतीचा व्हॉट्सअॅप ग्रुप, ताईचं स्वतःचं फेसबुक यात मुलाचं नाव, नवऱ्याची नोकरी, घराचा हप्ता सगळं असतं. मी पाहिलेल्या एका मोठ्या सभेत दारातच टेबल होतं, स्वयंसेवक नाव-गाव-आजार लिहून घेत होते, आणि तो कागद पुढे कुठे जातो हे विचारल्यावर 'प्रार्थना टीमकडे' एवढंच उत्तर मिळालं. कदाचित तसंच असेलही. पण व्यासपीठावरून सांगितलेली गोष्ट त्या कागदावर आधीच होती का, हा प्रश्न विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

फसवायचा हेतू नसला तरी आकड्यांचा खेळ असतोच. पंधरा हजार लोक लाइव्ह बघत असताना 'कोणा एका बहिणीच्या डाव्या गुडघ्यात दुखतंय, तिला आत्ता प्रभू बरं करतोय' असं म्हटलं की अशा शेदोनशे बहिणी निघणारच. त्यातली एक साक्ष द्यायला येते. ज्यांचा गुडघा दुखतच राहिला, त्यांची साक्ष कोण घेणार? त्यांना उलट 'विश्वास कमी पडला' असं ऐकावं लागतं. ताईला एकदा शांतपणे विचारा, न घडलेल्या किती गोष्टी त्याने स्वतः परत काढून बोलल्या?

इथे २०२० च्या अमेरिकन निवडणुकीचं उदाहरण फार बोलकं आहे. डझनावारी नावाजलेल्या संदेष्ट्यांनी डोनाल्ड ट्रम्प पुन्हा निवडून येणार, असं देवाच्या नावाने ठासून सांगितलं होतं. आले नाहीत. काहींनी तारखा पुढे ढकलल्या, काही म्हणाले आत्मिक जगात तेच जिंकले आहेत. जेरमाया जॉन्सन या तरुण संदेष्ट्याने मात्र जानेवारी २०२१ मध्ये जाहीर माफी मागितली, मी चुकलो म्हणाला. त्याला काय मिळालं? त्याच्याच मते, स्वतःला ख्रिस्ती म्हणवणाऱ्या लोकांकडून शिव्या आणि जिवे मारण्याच्या धमक्या. दोन महिन्यांत त्याने त्या नावाने चालणारी सेवा बंद केली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मायकल ब्राउन वगैरे करिश्माई (म्हणजे अन्य भाषा, भाकितं मानणाऱ्या) पुढाऱ्यांनीच एक निवेदन काढलं, की जाहीर भाकीत चुकलं तर संदेष्ट्याने जाहीर जबाबदारी घ्यावी. चांगली गोष्ट आहे, पण मोशेच्या काळापासून लिहून ठेवलेलं हे पुन्हा निवेदनात लिहावं लागलं, यातच काय ते आलं.

मला विचाराल तर जॉन्सनपेक्षा त्याला धमक्या देणाऱ्या श्रोत्यांबद्दल जास्त काळजी वाटते. त्यांना संदेष्टा नको होता, मनाजोगतं बोलणारा माणूस हवा होता. बायबलमधल्या यिर्मयाच्या पुस्तकात, २८ व्या अध्यायात, हनन्या हा खोटा संदेष्टा 'बाबेलने नेलेलं सगळं दोन वर्षांत परत येईल' असं सांगतो तेव्हाही लोकांना तोच आवडला असणार. खरा संदेष्टा यिर्मया बाबेलची ताबेदारी दाखवायला मानेवर जू घेऊन फिरत होता, त्याला कोण विचारतो.

तर बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या १८ व्या अध्यायातली कसोटी अशी, की परमेश्वराच्या नावाने सांगितलेलं घडलं नाही तर ते त्याचं नव्हतं. ही कसोटी चुकणारा नापास होतो. पण पास झालेला खरा ठरतो असं कुठेही म्हटलेलं नाही, हे बहुतेक पाळक सांगत नाहीत. पाच अध्याय मागे या. अनुवाद १३ म्हणतं, एखाद्याने चिन्ह सांगितलं आणि ते घडूनही आलं, तरी तो तुम्हाला देवापासून दुसरीकडे नेत असेल तर त्याचं ऐकू नका. आणि मत्तय ७ मध्ये प्रभू ज्यांना 'मी तुम्हाला कधी ओळखलंच नाही' म्हणतो, त्यांनी त्याच्या नावाने संदेश दिले होते, भुतं काढली होती, चमत्कार केले होते. त्यांच्या चमत्कारांना तिथे कोणी खोटं म्हणत नाही. बोट ठेवलंय ते त्यांच्या वागण्यावर.

कॅन्सस सिटीचं प्रकरण याच जागी बघण्यासारखं आहे. १९८० च्या दशकात माइक बिकल यांच्या मंडळीभोवती काही संदेष्टे जमले, 'कॅन्सस सिटी प्रॉफेट्स' म्हणून जगभर गाजले. त्यांच्याबद्दलच्या थक्क करणाऱ्या गोष्टी आपल्याकडच्या सभांतूनही सांगितल्या गेल्या. १९९० मध्ये त्याच शहरातले एक पाळक, अर्नी ग्रूएन, यांनी जाडजूड अहवाल काढून धोक्याची सूचना दिली होती. १९९१ मध्ये त्यांतला बॉब जोन्स हा संदेष्टा स्त्रियांशी केलेल्या गैरवर्तनामुळे सेवेतून दूर केला गेला. काही वर्षांनी तो पुन्हा व्यासपीठांवर दिसू लागला. बिकल यांनी १९९९ मध्ये चोवीस तास अखंड चालणारं प्रार्थनागृह सुरू केलं, त्याची नक्कल देशोदेशी झाली. मग ऑक्टोबर २०२३ मध्ये खुद्द बिकल यांच्यावर लैंगिक शोषणाचे आरोप झाले. एका स्त्रीने सांगितलं की, तुझ्याशी माझं लग्न होणार, माझी बायको वारणार, असं देवाने आपल्याला दाखवल्याचं ते तिला म्हणत असत. दुसरीने पुढे २०२४ मध्ये सांगितलं की तिच्याबाबतीत हे सुरू झालं तेव्हा ती १४ वर्षांची होती. बिकल यांनी वीस वर्षांहून जुनं 'अयोग्य वर्तन' मान्य केलं, बाकीचे आरोप त्या रूपात मान्य केले नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये संस्थेने त्यांच्याशी संबंध कायमचे तोडले.

पहिल्या स्त्रीने सांगितलेल्या त्या भाकिताकडे नीट बघा. ते एका मुलीला गप्प आणि ताब्यात ठेवायला वापरलेलं हत्यार आहे. म्हणून माझी पहिली कसोटी ही : संदेश कोणाच्या फायद्याचा आहे? 'देव म्हणतोय' याच्या पुढे येणारं वाक्य जर बोलणाऱ्याचाच खिसा, बिछाना किंवा खुर्ची सांभाळत असेल, तर मला आणखी पुरावा लागत नाही. पंजाबात लाखोंच्या सभा घेणाऱ्या बजिंदर सिंगला १ एप्रिल २०२५ रोजी मोहालीच्या न्यायालयाने बलात्काराच्या गुन्ह्यात जन्मठेप दिली. त्याच्याही चमत्कारांचे व्हिडिओ होते, खूप होते.

दुसरी कसोटी, त्याला प्रश्न विचारता येतो का. पौल करिंथकरांना लिहितो, दोघातिघांनी संदेश द्यावा आणि बाकीच्यांनी त्याची पारख करावी. यूट्यूबवर हे 'बाकीचे' कुठे असतात? कॉमेंटमध्ये 'आमेन' टाकणारे पारख करत नाहीत, आणि विचारणाऱ्याची कॉमेंट डिलीट होते. त्याच्यावर वडील मंडळ आहे का, त्यात बायको, मेहुणा आणि भाऊ सोडून कोणी आहे का, तो कुठल्या मंडळीत खाली बसून दुसऱ्याचं प्रवचन ऐकतो, हे शोधा. आणि कोणी 'देवाच्या अभिषिक्ताला हात लावू नका' म्हणालं, तर त्याला ते वचन उघडून दाखवायला सांगा. स्तोत्र १०५ मध्ये ते परक्या राजांना सांगितलंय, अब्राहाम-इसहाकाच्या कुटुंबाला त्रास देऊ नका म्हणून. दावीदाने अभिषिक्त राजा शौलाचा जीव घेतला नाही हे खरं. पण त्याच्या झग्याचा कापलेला काठ हातात धरून, सगळ्या सैन्यासमोर ओरडून त्याला जाब विचारला, तेही खरं.

तिसरी, पैसा. यावर मला दुसऱ्या शतकाच्या आसपासचं एक छोटं पुस्तक फार आवडतं, दिदाखे म्हणजे 'बारा प्रेषितांची शिकवण'. १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला त्याचं हस्तलिखित सापडलं. त्या काळी गावोगाव फिरणारे संदेष्टे होते आणि मंडळ्यांना नेमका तुमच्याच ताईचा प्रश्न पडला होता. त्यात साधे नियम आहेत. आलेला प्रेषित एक दिवस राहील, फार तर दोन, तीन दिवस राहिला तर खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकरी घ्यावी, पैसे मागितले तर खोटा. आत्म्यात असताना 'जेवण मांडा' म्हणाला आणि स्वतःच जेवायला बसला, तरी खोटा. आत्म्यात असताना 'मला पैसे द्या' म्हणाला तर ऐकू नका, पण दुसऱ्या गरजूसाठी मागत असेल तर त्याचा न्याय करू नका. वाचताना हसू येतं, पण लिहिणारे अनुभवाने शहाणे झालेले दिसतात.

आता स्क्रीनवर खाली कायम असलेला क्यूआर कोड आठवा. 'एकवीस हजारांचं बी पेरा, एकवीस दिवसांत दार उघडेल.' दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, मंडळीला देणं वेगळं, मीही देतो, आमच्या मंडळीत वर्षाचा हिशेब वाचून दाखवला जातो, खर्चावरून भांडणंही होतात. बी पेरायला सांगणाऱ्याकडे ताईने फक्त पावती आणि गेल्या वर्षीचा ताळेबंद मागावा. नोंदणीकृत ट्रस्ट असेल तर त्यात अवघड काही नाही. देवाचं दान पैशाने विकत मिळतं असं मानणाऱ्या शिमोन जादूगाराला पेत्राने शोमरोनात काय सुनावलं, ते प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात आहे.

ताईशी बोलताना 'तो भोंदू आहे' इथून सुरुवात करू नका. ती त्याच्या बाजूने उभी राहील आणि तुम्ही अविश्वासी ठराल. तिला तिच्या जुन्या चर्चमधल्या एखाद्या बाईशी बोलू द्या, जिच्या प्रार्थनेवर तिचा विश्वास आहे. 'आमचे व्हिडिओ सोडून दुसऱ्या पाळकाचं ऐकू नका' असं तिकडून सांगितलं गेलंय का, घरातल्यांशी बोलणं कमी करायला सांगितलंय का, तेही विचारा. तसं असेल तर प्रकरण पैशाच्या पुढे गेलंय.

एका बाबतीत मात्र वाट बघू नका. डायबिटीस, बीपी, फिट्स, थायरॉइड, मानसिक आजार, कशाचीही औषधं 'विश्वासाने' बंद करायला सांगितली असतील, तर तो माणूस खरा की खोटा ही चर्चा नंतर करा, आधी डॉक्टर गाठा. पौलाने तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, लूकला तो 'प्रिय वैद्य' म्हणतो. कोणाचंही औषध त्याने फेकायला लावलेलं नाही. शिवाय महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, तो सगळ्या धर्मांच्या लोकांना लागू होतो. तथाकथित चमत्कार करून त्यातून पैसे मिळवणं, लोकांना फसवणं हा त्यात गुन्हा आहे, सहा महिने ते सात वर्षं कैद होऊ शकते. नुसत्या प्रार्थनेला तो हात लावत नाही. त्यामुळे व्हिडिओच्या लिंक, पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट आणि औषध बंद करायला सांगणारे मेसेज आत्तापासून जपून ठेवा. ताईच्या फोनमधून ते डिलीट होण्याआधी.