फोर बाय फोर गाडी आणि सरकारी माळ: परवानगी नेमकी कोणाची लागते?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: नवी फोर बाय फोर गाडी घेतली आहे, सोबत तीन-चार मित्रांच्या गाड्या आहेत, पावसाळ्यात मावळ-मुळशीकडच्या सड्यांवर (खडकाळ, सपाट पठारांवर) आणि धरणांच्या काठी जायचे आहे, आणि डिसेंबरात कोकणातल्या एखाद्या किनाऱ्यावर गाड्या उतरवायच्या आहेत. सरकारी जमीन सगळ्यांचीच असते, अमेरिकेत तर लोक सार्वजनिक जमिनीवर सर्रास गाड्या घालतात, मग आपल्याकडे अडवणारा नियम कोणता, असे आपण विचारले आहे.

आधी अमेरिकेचे पाहू, कारण तिथल्या चित्रफिती पाहूनच बहुतेकांचा समज पक्का होतो. तिथे फेब्रुवारी १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी काढलेल्या आदेशानुसार केंद्र सरकारच्या खात्यांना आपापल्या जमिनीवर अशा गाड्या कुठे चालतील आणि कुठे चालणार नाहीत हे ठरवून देणे भाग पडले. तिथले भू-व्यवस्थापन खाते आपली जमीन खुली, मर्यादित आणि बंद अशा तीन वर्गांत विभागते. वनखात्याने २००५ मध्ये नियम केला की गाड्यांसाठी नेमून दिलेले रस्ते आणि वाटा नकाशावर छापायच्या, आणि जे नकाशावर नाही ते गाडीला बंद समजायचे. म्हणजे ज्याला आपण मोकळीक समजतो ती बहुतांशी आखून दिलेल्या वाटांपुरतीच आहे. आपल्याकडे मात्र असा नकाशाच नाही. गाडीच्या दृष्टीने सरकारी जमिनीचे वर्गीकरण कोणी केलेले नाही, आणि त्यामुळे 'कुठेच बंदी लिहिलेली नाही, म्हणजे चालते' असा उलटा अर्थ काढला जातो.

हा अर्थ चुकीचा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार ज्या जमिनीला दुसरा मालक नाही ती, सार्वजनिक रस्ते, नदी-नाल्यांचे तळ आणि भरतीरेषेखालचा समुद्रतळ हे सर्व राज्य शासनाच्या मालकीचे आहे. पण शासनाची मालकी आणि लोकांचा वापराचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याच संहितेच्या कलम २२ नुसार एखादी जमीन वनासाठी, गुरचरणीसाठी किंवा अन्य कामासाठी नेमून दिली की जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय तिचा दुसरा वापर करता येत नाही. म्हणून विचारायचा प्रश्न 'इथे बंदी आहे का' हा नसून 'ही जमीन कोणाच्या ताब्यात आहे आणि कशासाठी राखलेली आहे' हा आहे. त्याचे उत्तर मिळाले की परवानगी कोणाकडे मागायची हेही आपोआप कळते.

वनजमिनीपासून सुरुवात करू, कारण आपण सांगितलेल्या भागात सर्वाधिक घोळ तिथेच होतो. भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार राखीव वन आणि संरक्षित वन असे दोन मुख्य प्रकार आहेत. ढोबळमानाने असे धरावे की राखीव वनात ज्याला परवानगी दिलेली नाही ते सर्व निषिद्ध असते, तर संरक्षित वनात ज्याला मनाई केलेली नाही ते चालते. राखीव वनात कलम २६ खाली विनापरवानगी शिरणे हाच गुन्हा आहे. झाड तोडले नाही, चूल पेटवली नाही, कचरा टाकला नाही, हा बचाव तिथे उपयोगी पडत नाही. एखादी जुनी कच्ची वाट जंगलातून जाताना दिसली म्हणून ती खुली आहे असेही समजू नये, कारण राखीव वनातली वाट बंद करण्याचा अधिकार कलम २५ ने वनाधिकाऱ्यांना दिलेला आहे, फक्त तिथल्या लोकांना सोयीची पर्यायी वाट असली पाहिजे. लाकूड वाहण्यासाठी किंवा वणवा विझवण्यासाठी काढलेल्या वाटा खात्याच्या कामासाठी असतात, आणि त्यावर ट्रकच्या चाकोऱ्या दिसत असल्या तरी आपल्याला त्यावर हक्क मिळत नाही.

अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान यांची गोष्ट आणखी कडक आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २७ नुसार तिथले रहिवासी, तिथे मालमत्तेचा हक्क असलेले लोक, कर्तव्यावरचे सरकारी कर्मचारी आणि सार्वजनिक हमरस्त्याने जाणारे प्रवासी वगळता कोणालाही परवान्याशिवाय आत जाता येत नाही. यातली हमरस्त्याची सवलत नीट समजून घ्यावी. मुळशीहून ताम्हिणीमार्गे माणगावला जाताना ताम्हिणी अभयारण्याचा परिसर लागतो, ते २०१३ साली घोषित झाले आहे. त्या डांबरी रस्त्याने आपण जाऊ शकता, पण चाके रस्ता सोडून सड्यावर किंवा ओढ्यात उतरली की ती सवलत तिथेच संपते. भीमाशंकर, कळसूबाई-हरिश्चंद्रगड, कोयना, फणसाड ही सर्व अभयारण्ये याच नियमाखाली येतात. २०२२ च्या दुरुस्तीनंतर या अधिनियमाखालचा सर्वसाधारण दंड एक लाख रुपयांपर्यंत आणि कैद तीन वर्षांपर्यंत आहे, आणि कलम ३९ नुसार गुन्ह्यात वापरलेले आणि जप्त झालेले वाहन शासनाची मालमत्ता ठरू शकते. वीस लाखांच्या गाडीपुढे दंडाची रक्कम काहीच नाही असे म्हणणाऱ्यांनी हे शेवटचे कलम जरूर वाचावे.

काजव्यांच्या दिवसांत भंडारदरा भागात रात्री वाहनांवर निर्बंध येतात तेव्हा अनेक जण वनखात्याला नावे ठेवतात. काजव्यांचे नर आणि माद्या प्रकाशाच्या खुणांनी एकमेकांना शोधतात, आणि दिव्यांचे झोत त्यात थेट अडथळा आणतात. त्यामुळे मला तरी ते निर्बंध सौम्यच वाटतात.

सड्यांबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण नियमाइतकेच त्यामागचे कारण कळले पाहिजे. जांभ्या खडकाच्या सड्यावर मातीचा थर अनेक ठिकाणी काही सेंटिमीटरच असतो. पावसाळ्यात त्यावर उथळ डबकी साचतात, आणि सीतेची आसवे, गेंद यांसारख्या वनस्पती त्या अवघ्या काही महिन्यांच्या ओलाव्यावर फुलून, बी टाकून संपतात. एका गाडीचे चाक ओल्या सड्यावर गोल फिरले की तेवढा थर निघून खाली खडक उघडा पडतो, आणि नवी माती साचायला माणसाच्या आयुष्याहून अधिक काळ लागतो. बेसाल्टच्या पठारावर जिथे माती जरा जाड असते तिथे चाकोरीतून पाणी वाहू लागते आणि दोन-तीन पावसाळ्यांत तिची घळ होते. साताऱ्याजवळचे कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या ३९ स्थळांपैकी एक म्हणून जागतिक वारसा यादीत गेले आणि तिथे फुलांच्या हंगामात पायी येणाऱ्यांच्या संख्येवरही मर्यादा घालावी लागली. पण त्याच प्रकारचे, नाव नसलेले कितीतरी सडे आहेत आणि त्यांच्यावर पहारेकरी नाहीत. हे नाव नसलेले सडे पुष्कळदा सरकारीही नसतात. त्यावर नाचणी-वरईची खासगी शेते असतात, जमीन दोन-तीन वर्षे पडीक ठेवून पुन्हा कसली जाते, आणि शहरातून आलेल्या माणसाला ती पडीक अवस्थाच दिसते.

आता गावच्या वाटा. इथे तुम्हाला खरोखर हक्काने गाडी चालवता येते, आणि माझ्या मते हौशी चालकांनी सर्वांत जास्त लक्ष याकडे द्यायला हवे. प्रत्येक गावाचा नकाशा असतो, तो भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो, आणि महाभूनकाशा या संकेतस्थळावर गट क्रमांकानुसार जमिनीचे तुकडेही पाहता येतात. जुन्या गावनकाशात ग्रामीण रस्ते, गाडीमार्ग आणि पायमार्ग वेगवेगळ्या तुटक रेषांनी दाखवलेले असतात. पायमार्गाची रुंदी ८.२५ फूट धरलेली असते, आणि आपली गाडी सहा फुटांची असल्यामुळे ती त्यात सहज मावते. पण मावते म्हणून तो गाडीमार्ग ठरत नाही. उलट जिल्हा परिषदेचे कच्चे ग्रामीण रस्ते, गाडीमार्ग आणि दोन गावांमधले शिवरस्ते हे सार्वजनिक वापराचे आहेत आणि पावसाळ्यात त्यातले अनेक रस्ते कोणत्याही सरावाच्या मैदानाइतकीच गाडीची परीक्षा घेतात. एवढेच की त्याच चिखलातून दूधवाला, शाळेची मुले आणि बैलगाड्याही जातात, त्यामुळे रस्ता उकरून ठेवणारे टायर आणि वारंवार फेऱ्या मारण्याची हौस तिथे न्यायची नाही.

गायरान हा त्याहून नाजूक विषय आहे. कागदोपत्री ते शासनाचे, पण गुरे चारण्यासाठी गावाला दिलेले असते. तिथे गाड्यांचा कार्यक्रम करणे म्हणजे नेमून दिलेल्या कामाबाहेरचा वापर. ग्रामपंचायतीने तोंडी 'या की' म्हटले तरी ती जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी नव्हे. शिवाय सासवड, बारामती, इंदापूर पट्ट्यातल्या गवताळ माळांवर लांडगा, चिंकारा, तरस राहतात, आणि टिटवी, चंडोल यांची घरटी उघड्या जमिनीवरच असतात. ज्या गावांना वनहक्क अधिनियम, २००६ खाली सामूहिक वनहक्क मिळाले आहेत तिथे वन आणि वन्यजीवांच्या रक्षणाचा अधिकार कलम ५ ने ग्रामसभेला दिला आहे, त्यामुळे तिथे ग्रामसभेचा नकार हा शिष्टाचाराचा नव्हे तर कायद्याचा नकार असतो.

धरणांच्या काठची जमीन बहुतेक ठिकाणी जलसंपदा विभागाची, तर मुळशीला टाटा कंपनीची आहे. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर दिसणारा सपाट गाळ वरून सुकलेला आणि आत मऊ असतो, आणि परवानगीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी तिथे गाडी उतरवण्यात शहाणपण नाही. लष्कराच्या जमिनीबद्दल एकच वाक्य पुरे आहे: अहिल्यानगरजवळच्या के. के. रेंजसारख्या ठिकाणी तोफगोळ्यांचा सराव चालतो, तिथे कुंपण दिसले नाही तरी आत जायचे नाही.

किनाऱ्याबाबत आपला बेत डिसेंबरचा आहे, आणि नेमका तोच काळ सर्वांत वाईट आहे. ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रात्री वाळूत अंडी घालतात, आणि सुमारे पन्नास दिवसांनी पिल्ले बाहेर पडून समुद्राकडे जातात. वेळास, आंजर्ले, केळशी, गुहागर ही त्यासाठी प्रसिद्ध ठिकाणे आहेत. गाडीच्या वजनाने वाळू दाबली गेली की घरटे बाहेरून दिसत नसतानाच निकामी होते, आणि खोल चाकोरीत पडलेले पिल्लू तिच्या बाजूबाजूनेच चालत राहते, त्याला समुद्र गाठता येत नाही. हे कासव वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या अनुसूची १ मध्ये आहे, म्हणजे वाघाइतकेच संरक्षण त्याला आहे. २०१९ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेत वाळूच्या टेकड्या, खारफुटी आणि कासवांची अंडी घालण्याची ठिकाणे सर्वाधिक संवेदनशील वर्गात धरली आहेत. गोव्यात तर पर्यटन खात्याने २०२२ च्या आदेशाने किनाऱ्यावर वाहन चालवण्यास स्पष्ट बंदी घातली, आणि त्या वेळी दंड ५,००० ते ५०,००० रुपये ठेवला होता. महाराष्ट्रातही पर्यटकांच्या गर्दीत वाळूवर गाडी फिरवणाऱ्यांवर भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खाली, म्हणजे बेदरकार वाहन चालवल्याबद्दल, गुन्हा नोंदवता येतो. भरती आली की अडकलेली गाडी ओढायला गावातलाच ट्रॅक्टर बोलवावा लागतो आणि खारे पाणी एकदा वायरिंगमध्ये शिरले की गाडी पूर्वीसारखी होत नाही, हे वेगळेच. किनाऱ्यावर गाडी नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गाडीबद्दल दोन गोष्टी लगेच सांगून टाकतो. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार मूळ नोंदणीतल्या तपशिलात बदल करणारी फेरफार परिवहन कार्यालयाच्या मान्यतेशिवाय करता येत नाही, आणि पुढे लावायचे लोखंडी बुलबार डिसेंबर २०१७ पासून केंद्राच्या आदेशाने अवैध ठरले आहेत. नेहमीच्या विमा पॉलिसीत शर्यत, वेगचाचणी आणि तत्सम स्पर्धांसाठीचा वापर वगळलेला असतो, तर इंजिनात पाणी शिरून झालेले नुकसान वेगळे इंजिन संरक्षण घेतलेले नसल्यास सहसा नाकारले जाते. ओढा ओलांडण्याआधी पॉलिसीची ही पाने वाचून ठेवावीत.

पावसाळ्याच्या बेताबाबत शेवटची अडचण अशी की पुणे जिल्ह्यात दर वर्षी धबधबे, धरणे आणि घाटमाथ्याच्या ठिकाणी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली, म्हणजे जुन्या कलम १४४ च्या जागी आलेल्या तरतुदीनुसार, प्रशासनाचे मनाई आदेश निघतात. त्यांची मुदत आणि ठिकाणे दर वर्षी बदलतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात तहसील कार्यालयाकडे किंवा स्थानिक पोलीस ठाण्यात विचारून घ्यावे.

तेव्हा आपण असे करावे. मावळ-मुळशीतल्या एखाद्या गावात खासगी जमीन शोधावी, तिचा सातबारा महाभूलेख या संकेतस्थळावर पाहून मालकाचे नाव आणि 'इतर हक्क' रकाना तपासावा, कारण त्या रकान्यात वनाची नोंद असल्यास मालकाची परवानगी पुरत नाही. शंका राहिल्यास वनरक्षकाला किंवा वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला गट क्रमांक सांगून विचारावे. मग मालकाकडून लेखी संमती घ्यावी. तीत गट क्रमांक, तारीख, गाड्यांची संख्या, बांध किंवा पीक मोडल्यास भरपाई कोण देणार आणि गाड्या कोणत्या वाटेने आत-बाहेर करतील हे लिहिलेले असावे. सामाईक खातेदार असतील तर सर्वांच्या सह्या घ्याव्यात, भावकीतल्या एकाच्या सहीवर निघू नये. त्या संमतीची एक प्रत पोलीस पाटलांकडे देऊन ठेवली की दुपारी गावातून कोणी तक्रार केली तरी दाखवायला कागद तयार असतो.