वाचकांचे प्रश्न : मैत्रीतून प्रेम आणि शृंगाराची पानं

प्रश्न : जिवलग मित्र-मैत्रीण प्रेमात पडतात अशी एक बोल्ड कादंबरी वाचली. शृंगारप्रसंग भरपूर, तरी कंटाळून पानं उलटत सुटले. असं का होतं?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : बहुधा शृंगार फार लवकर आला. अशा कथेतली ओढ दोघांना एकमेकांचं आधीपासून जे ठाऊक असतं त्यातून येते. मिसळीत तिला कट किती लागतो, वडिलांचा विषय निघाला की तो गप्प का होतो, हे वाचकालाही कळलेलं हवं. शिवाय भीती हवी. नव्या ओळखीतलं प्रेम फसलं तर प्रेमच जातं, इथं दहा वर्षांपासूनचा मित्रही जातो.

300 पानांच्या कादंबरीत पहिली 80-100 पानं मैत्रीला लागतातच. मग रोजचाच एखादा स्पर्श जरा लांबतो, रंकाळ्यावर भेळेचा कागद हातात देताना वगैरे. पहिलं चुंबन निम्म्याच्या आसपास आलं तर ताण टिकतो. पुढच्या प्रत्येक शृंगारप्रसंगाने दोघांत काहीतरी बदलायला हवं. तो प्रसंग गाळून पुढचं प्रकरण वाचा. काहीच अडलं नाही, तर ती भरतीची पानं.

शेवटाकडचा दुरावाही तपासा. एका फोनने मिटेल असल्या गैरसमजावर तो उभा असेल तर पटत नाही. इतके जुने मित्र फोन करतातच.

प्रश्न : अशी कादंबरी लिहायला घेतली आहे, पण शृंगाराशी आलं की भाषा अवघडते.
– एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : ही मराठीतली खरी अडचण आहे. ‘अधर’, ‘उरोज’ लिहिलं की जुनं काव्य वाटतं, बोलीतले शब्द घेतले की शिवी वाटते. मधली वाट म्हणजे साधे शब्द: ओठ, मान, पाठ, कंबर, श्वास. अवयवांची यादी देण्यापेक्षा कोण कुठं थबकलं, कुणाचा हात थरथरला ते लिहा.

संवाद मात्र मैत्रीतलेच राहू द्या. आयुष्यभर ‘अरे-तुरे’ करणारी माणसं अंथरुणात ‘प्रिये’ म्हणत नाहीत. कोल्हापूरची मुलगी ‘मी येतो, मी जातो’ म्हणते. ऐन प्रसंगात तिचं ‘येते, जाते’ झालं की ती परकी वाटू लागते. ‘थांबू काय?’ हा प्रश्नही जरूर ठेवा. जुन्या मित्राच्या तोंडी तो फार जवळचा वाटतो, आणि तिने ‘नको थांबूस’ म्हटलं की वाचकाचाही श्वास अडकतो.

प्रश्न : असलं वाचताना घरात संकोच वाटतो.
– एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : प्रेमकादंबऱ्यांनी गाजलेले ना. सी. फडके इथंच कोल्हापुरात राजाराम कॉलेजात शिकवत होते. इथं प्रेमकथा वाचणं काही नवं नाही. तरी एकांत हवाच असेल तर ई-बुक घ्या, मुखपृष्ठ कुणाला दिसत नाही. विकत घेण्याआधी फुकट मिळणारा नमुना वाचा. त्यात दोघांच्या गप्पांनी हसू आलं, तर पुढचा शृंगारही बहुधा रंगेल.