माशांच्या वाढीची संप्रेरके मोजताना

माशांच्या वाढीतील संप्रेरकांचा अभ्यास आपण नव्याने सुरू करत आहात, तेव्हा एक गोष्ट आधीच मनात पक्की करावी: रक्तात वाढ-संप्रेरक जास्त आढळले म्हणजे मासा वेगाने वाढत आहे, असे नव्हे. पीयूष ग्रंथीतून स्रवणारे हे संप्रेरक यकृताला आयजीएफ-१ (इन्सुलिनसारखा एक वाढ-घटक) तयार करण्यास प्रवृत्त करते आणि स्नायू व हाडांची वाढ बऱ्याच अंशी त्याच्यामार्फत होते. परंतु ट्राउट किंवा सॅमन उपाशी राहिल्यास यकृताचा प्रतिसाद मंदावतो, आयजीएफ-१ घटते आणि वाढ-संप्रेरक मात्र चढते, कारण त्या काळात ते साठवलेली चरबी वापरात आणण्यास मदत करत असते. म्हणून दोन्ही एकत्र मोजावीत आणि शेवटचे खाद्य केव्हा दिले याची नोंद न चुकता ठेवावी. माझ्या मते त्या नोंदीशिवाय हे आकडे जवळजवळ निरुपयोगी ठरतात. रक्तही झटपट काढावे, कारण मासा जाळ्यात धरल्यावर काही मिनिटांतच कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढू लागते आणि त्यापाठोपाठ ग्लुकोजही. इन्सुलिनचा विचार करताना सस्तन प्राण्यांचे आडाखे बाजूला ठेवावेत: अनेक माशांत, विशेषतः मांसाहारी जातींत, आर्जिनिनसारखी अमिनो आम्ले ग्लुकोजपेक्षा अधिक जोराने इन्सुलिनचा स्राव घडवतात.