इस्त्रीची वायर जोडून आणल्यापासून हाताला मुंग्या येतात. टेप घट्ट करून भागेल का?

नाही भागणार. पिन आत्ताच काढा आणि इस्त्री घरात कुणाच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. तुम्ही लिहिलंय की वायर मधे तोडून पीळ घालून जोडलीय, वर काळी टेप आहे, दहा मिनिटांत जोड गरम लागतो आणि अनवाणी उभं असताना पत्र्याला हात लागला की आईंना मुंग्या येतात. हे दोन वेगळे दोष आहेत, आणि मुंग्यांचा टेपशी बहुधा काही संबंध नाही.

पिन काढलेली असताना टेप उकला आणि हिरवी किंवा हिरवी-पिवळी तार शोधा. अशा कामात ती बऱ्याचदा कापून मागे दुमडलेली सापडते. तिच्याविनाही इस्त्री तापते, त्यामुळे गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. पण तीच अर्थिंगची तार. एलिमेंटच्या, म्हणजे आतल्या तापणाऱ्या भागाच्या, नळीतली पांढरी पूड ओल धरते, कोल्हापूरच्या जुलैत तर हमखास, आणि थोडा करंट पत्र्यावर येतो. अर्थिंग असेल तर तो तिथून निघून जातो. नसेल तर हात लावणाऱ्याच्या अंगातून ओल्या फरशीत उतरतो. आज मुंग्या आहेत. आतलं इन्शुलेशन पुरतं गेलं, तर पत्र्यावर सरळ २३० व्होल्ट येतील.

एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा बोर्डावरचा स्विच, आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ६ अँपिअरचा एमसीबी वायरिंग वाचवण्यासाठी असतो, आणि माणसाच्या जिवाला ५० ते १०० मिलिअँपिअरसुद्धा धोक्याचे. माणसासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागताच लाइन तोडणारा स्विच, लागतो. नसेल तर बसवून घ्याच.

आता जोड. १००० वॅटची इस्त्री साधारण ४.३ अँपिअर घेते. ढिल्या पिळाचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, अर्धा ओहम जरी झाला, तरी वाटाण्याएवढ्या जागेत ९ वॅट उष्णता तयार होते. टेपचा गोंद पातळ होऊन टेप सरकते, तांबं काळं पडतं, रोध वाढतो, जोड आणखी तापतो. त्यात इस्त्रीची वायर हाताबरोबर सारखी वाकते आणि फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (परत नेणारी) यांचे जोड बहुतेक शेजारी-शेजारीच केलेले असतात. टेप सरकून ते एकमेकांना टेकले की शॉर्ट, आणि खाली पसरलेले कपडे. म्हणून जोड सुधारायचा नाही, अख्खी वायर बदलायची.

लक्ष्मीपुरीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात जाताना इस्त्री बरोबर न्या. कापडी वेष्टनाची, तीन तारांची, ०.७५ चौरस मिमीची, पिन कंपनीतूनच ओतलेली वायर मागा. साधी प्लॅस्टिकची वायर तापलेल्या तळाला टेकली तर वितळते. दोन तारांची स्वस्त मिळाली तरी नकोच.

बसवताना अर्थिंगची तार पत्र्याशी जोडलेल्या स्क्रूलाच लावायची आणि बाकी दोघींपेक्षा सेंटीमीटरभर लांब ठेवायची, म्हणजे वायर ओढली गेली तर ती शेवटी सुटेल. आतल्या पट्टीने बाहेरचं कापडी वेष्टन आवळलं पाहिजे, नुसत्या तारा नव्हेत. तारेचे सगळे धागे स्क्रूखाली यायला हवेत, एकही बाहेर नको. टोकांना सोल्डर लावू नका. स्क्रूच्या दाबाखाली सोल्डर हळूहळू दबतं आणि जोड पुन्हा ढिला होतो. वायर आत शिरते तिथली रबरी नळी फाटली असेल तर तीही बदला.

चालू करण्याआधी, भिंतीत पिन न घालता, मल्टिमीटरने मोजा. पिनेच्या जाड, अर्थिंगच्या पायापासून इस्त्रीच्या तळापर्यंत १ ओहमच्या आत. बाकी दोन पायांमध्ये, तापमानाचा खटका पूर्ण फिरवून, सुमारे ५० ओहम. त्या दोघांपैकी कुठल्याही पायापासून तळाशी काहीच जोड दिसता कामा नये. तळाशी थोडाही जोड दिसला तर एलिमेंटच खराब आहे, नुसत्या वायरीने काम होणार नाही. दुकानातच काम करून घेणार असाल तर हे तिन्ही आकडे तुमच्यासमोर मोजायला सांगा. खरा कारागीर नाही म्हणणार नाही.

घर शिवाजी पेठेतलं जुनं आहे म्हणालात, म्हणून सॉकेटही तपासून घ्या. जुन्या वायरिंगमध्ये वरच्या मोठ्या, अर्थिंगच्या भोकामागे कधी कधी तारच नसते, मग नवी वायर लावूनही मुंग्या तशाच राहतात. हे मोजमाप चालू लाइनवर होतं, तेव्हा वायरमनला बोलवा. फेज ते अर्थिंग २३०च्या आसपास आणि न्यूट्रल ते अर्थिंग दोन-तीन व्होल्टच्या आत यायला हवं. तसं आलं नाही तर अर्थिंग दुरुस्त होईपर्यंत त्या सॉकेटवर इस्त्री लावू नका, फ्रिज किंवा वॉशिंग मशीनही नको.